बासरीच्या जागी हाळी

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. तीही अस्सल नव्हे. गाजलेली गाणी दुसऱ्याच गळ्यांतून गाऊन घ्यायची आणि स्वस्तात विकायची, त्या जातीची. नवी पेठेतल्या दुकानात अस्सल कॅसेटी काचेच्या कपाटात बसत, मी बाहेर टोपलीत. पण माझा तोरा त्यांच्यापेक्षा कमी नव्हता, कारण माझ्यात केराबाई गायल्या होत्या.

केराबाई मंद्रूपच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. काय खणखणीत गळा! गाणी भरून घेणाऱ्या धोंडीरामकडे पेटी होती, ढोलकी होती; बासरीवाला मात्र परवडत नव्हता. एका गाण्यात मध्येच बासरी होती, तिथं सगळं अडलं.

"आता हितं काय भरायचं, केराबाई?"

"मी हाळी घालते की, दादा," असं म्हणून त्यांनी मेंढरांना बोलावतात तीच लांबलचक हाक सुरात लावली. ढोलकीवाला वाजवायचाच विसरला. एवढं करून माझ्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलं नाही, याचं मला फार वाईट वाटे.

पुढे मोबाइल आले. टोपलीतून मला केराबाईंनीच विकत नेलं होतं; त्यांच्या घरी मी पत्र्याच्या पेटीत पडले. 'डुप्लिकेट' हेच माझं नाव झालं.

यंदा केराबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. त्यातच एका वरातीच्या फटाक्यांनी कळप उधळला आणि माळावर पांगला. दिवस मावळत आलेला, त्यात लांडग्यांचं भय. मुलगा शहाजी ओरडून थकला, पण मेंढरं केराबाईंच्याच हाळीला सरावलेली. त्या बांधावर उभ्या राहून तोंड उघडत होत्या. नुसता वारा निघत होता.

नात रुपालीनं मला पेटीतून काढलं, सुटलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळली आणि टेपरेकॉर्डर घेऊन ती बांधावर धावली.

"आगं, मेंढरं काय गाणी ऐकत्यात व्हय?" शहाजी चिडला.

"आजीची हाळी हाय की तेच्यात, अण्णा!"

गाणं सुरू झालं. एकाही मेंढीनं मान वळवली नाही. मग हाळी आली. आधी एक म्हातारी मेंढी थबकली, वळली, आणि तिच्यामागं सगळा कळप धुरळा उडवत आला. केराबाईंनी मला हातात घेतलं आणि त्या रडल्या.

मूळ गाण्यातली बासरी गोडच आहे हो. पण तिच्या हाकेला एक कोकरू तरी आलं असतं का?

मित्रांनो, अडगळीत माझी एखादी बहीण सापडली, तर फेकण्याआधी एकदा लावून बघा. तिच्यात कुणीतरी जीव ओतून गायलेलं असतं. माझ्या वेष्टनावर आता रुपालीनं पेननं ठळक लिहिलं आहे: गायिका, केराबाई.