पाळण्याची चौथी साखळी

मी साखळी बोलतेय. दारामागच्या खिळ्याला लटकलेली. माझ्या सांगण्यावर फार भरवसा ठेवू नका. लोखंडाला शब्द कळून कळणार किती? एक शब्द तर मी तीन ठिकाणी ऐकला आणि तिन्ही ठिकाणी वेगळा समजले.

हिवरखेडच्या लोहाराने मला आणि माझ्या तिघी बहिणींना घडवलं ते इंदूबाईच्या पहिल्या बाळंतपणासाठी. इंदूबाई सातवी पास. माहेरी आली तीच धास्तावलेली. पाळणा तुटेल का, हीच तिची काळजी. लेकरू अजून यायचं होतं. शेवटी तिच्या वडिलांनी पाळण्यात ज्वारीचं पोतं ठेवून झोका देऊन दाखवला. "पाह्य, तुटला का? तुह्या लेकराचं वजन याच्यापरीस जास्त हाय का?" तेव्हा कुठे ती हसली, तेही अर्धंच.

मग एका सकाळी सुईण आतल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "मोकळी झाली वो इंदू. पोरगी झाली." सगळ्यांचे चेहरे फुलले. मी समजले, मोकळं होणं म्हणजे कुणीतरी येणं.

पोरीचं नाव गौतमी. ती पाळण्यात झोपली की वडिलांच्या भाजीच्या मळ्यावरचा कुत्रा, भुऱ्या, खाली येऊन पसरायचा. इंदूबाई पाळणा घेऊन अकोल्याला परत निघाली तेव्हा तो बैलगाडीमागे चालत राहिला. हाकलून पाहिलं, मुरमाचा खडा मारून पाहिलं. वडील म्हणाले, "जाऊ द्या. जाते म्हणते त तोही सासरी."

अकोल्यात इंदूबाईचा नवरा शेषराव मालधक्क्यावर कारकून होता. गौतमी पाळण्यातून उतरली आणि आम्ही चौघी पांगलो. एक विहिरीच्या बादलीला गेली, एक ट्रंकेला, एक कोळशाच्या पोत्यामागे पडली. मी भुऱ्याच्या गळ्यात आले.

रोज संध्याकाळी इंदूबाई चुलीपाशी बसून हाक मारायची, "गौतमी, भुऱ्याले मोकळं कर वो." पोरगी माझी कडी काढायची. भुऱ्या गल्लीत फिरून, मटण मार्केटाच्या कडेला डोकावून परत यायचा आणि खिळ्यापाशी मान खाली घालून उभा राहायचा, कडी लावून घ्यायला. मी समजले, मोकळं होणं म्हणजे जाऊन परत येणं.

मग भुऱ्या म्हातारा झाला. मागचे पाय गेले. जबड्याखाली गाठ आली, ती फुटली, उन्हाळ्यात तिच्यात अळ्या झाल्या. इंदूबाई फिनेलच्या पाण्याने जखम धुवायची, तरटावर त्याची कूस बदलायची, कापसाच्या बोळ्याने दूध पाजायची. दूध जबड्यातून तरटावर यायचं. ती पुन्हा पाजायची. शेजारची सुंदराबाई म्हणाली, "कायले जीव कोंडून ठेवतं वो त्याचा?" इंदूबाई म्हणाली, "मी कोंडणारी कोन मावशी?" आणि दुसरा बोळा भिजवला.

या घरात रोज सकाळी पंचशील म्हटलं जातं. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. इंदूबाई ते डोळे मिटून म्हणायची आणि डोळे उघडले की समोर तरट असायचं.

शेवटी सायकलरिक्षात घालून ती त्याला ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. शेषराव ड्युटीवर, गौतमी सुंदराबाईकडे. डॉक्टरांनी गाठ पाहिली, डोळ्यांची पापणी उलटून पाहिली. तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मोकळं करू का बाई याले?"

तिचा हात माझ्यावर होता. सुजलेल्या गळ्यात मी रुतत होते.

"हो, करा न," ती म्हणाली. "लय रुतून राहिली त्याले."

डॉक्टरांनी कडीला हात लावला नाही. "घरी इचारलं?"

"याच्यात काय इचारायचं?"

त्यांनी माझी कडी काढली आणि मला तिच्या हातात दिलं. मला वाटलं, झालं काम. पण त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि सुई उकळायला ठेवली. पाणी तापायला वेळ लागतो. ती कसली सुई, हे विचारायला तेवढा वेळ पुरला असता. इंदूबाईने विचारलं नाही. ती भुऱ्याच्या कानामागे खाजवत बसली. पाण्याला आधण आलं. सुई टोचली. भुऱ्याने मान खाली घातली, खिळ्यापाशी घालायचा तशी.

घरी आल्यावर गौतमी धावत आली. "भुऱ्या कुठी हाय?"

"मोकळा केला त्याले."

"मंग येते संध्याकाळी," पोरगी म्हणाली आणि त्याची जर्मनची ताटली दाराशी ठेवून आली.

शेषराव म्हणाला, "बरं केलं इंदू. सुटला बिचारा."

"मी काय केलं? मी साखळीले हो म्हटलं."

तिने पोळ्या लाटल्या, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी पंचशील म्हणताना पहिल्या शीलापाशी तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. अजूनही येत नाही. ताटलीत चिमण्या दाणे टिपतात. इंदूबाई ती रोज विसळून पुन्हा तिथेच ठेवते.

आता इंदूबाईला दिवस भरत आलेत. या खेपेला माहेरी जाणं जमलं नाही. सुंदराबाई पाळणा काढून पुसत होती. "होशीन आता तूबी मोकळी," ती म्हणाली.

"तो शब्द नका काढू मावशी."

"मंग काय म्हणू वो? बाळंत झाली म्हणतो, बस?"

बादलीची सुटून आली, ट्रंकेची आली, कोळशाचीही सापडली. "चौथी कुठी हाय?" इंदूबाईने दारामागे पाहिलं. मला खाली काढलं, राखेने घासलं. कडीत एक भुरा केस अडकला होता. तो तिने काढला नाही. मला पुन्हा खिळ्याला लावलं आणि चौथ्या कोपऱ्याला सुंभाची दोरी बांधली. पाळणा त्या बाजूने कलला आहे. ती येता-जाता तो कोपरा हाताने उचलून पाहते.

इंदूबाई, तू कशाला हो म्हटलंस ते मला माहीत नाही. माझ्यावरचा तुझा हात गार होता, एवढंच सांगू शकते. साक्ष द्यायला मी कुचकामी आहे. वजन पेलणं मात्र मला येतं. ज्वारीचं पोतं पेललं, गौतमीला पेललं. भुऱ्याला तर कधी ओढावंही लागलं नाही. सुंदराबाई तो शब्द गिळेलही एखादे वेळी, पण गल्लीतल्या सगळ्या बाया दाराशी येऊन तोच म्हणतील. तेव्हा पाळणा तिरपा नको.

ती दोरी सोड. मला लाव. माझी कडी त्या दिवसापासून उघडीच आहे.