पितळेचं वजन

ओळखलंत ना? न्हाणीघराच्या दाराआड भिंतीला टेकून उभा असतो तो मी, घरातला वजनकाटा बोलतोय. माझ्या अंगावर उभं राहून मलाच शिव्या देणारे पुष्कळ भेटतात, पण त्याचा मी राग धरत नाही.

कारखान्यात काच, चार पाय आणि पोटात दोन सेल एवढं मिळालं आणि मी दुकानात येऊन बसलो. तिथून मला एक बेकरीवाली घेऊन आली. तिची स्वतःची लहानशी बेकरी होती. पहाटे उठून पाव भाजायचे आणि दिवसभर केकच्या वासात उभं राहायचं, असं तिचं काम. तिच्या आईची दृष्टी मधुमेहाने गेली होती. "मला माझ्या लेकीचं तोंड म्हातारपणीही बघायचंय," असं ती नवऱ्याला म्हणाली आणि वजन आटोक्यात ठेवायला मला घरी आणलं.

माझ्यावर चढण्याआधी ती कानातलं काढायची, केसांचा चाप काढायची, श्वास सोडायची आणि एक डोळा मिटून खाली बघायची. नवरा दारातून म्हणायचा, "अगं, नखंही कापून ये!" ती साबण फेकायचा आव आणायची. मला हे घर आवडलं.

मग तिचे सासरे राहायला आले. आयुष्यभर लोकांच्या घरचे नळ दुरुस्त केलेला हा माणूस. पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन ते नुकतेच दवाखान्यातून सुटले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दर रविवारी वजन बघा. उतरत गेलं तर पुन्हा दाखल करावं लागेल."

आता माझ्यावर दोन माणसं उभी राहू लागली. एकीला आकडा खाली हवा, दुसऱ्याला वर.

"सूनबाई, तुझं थोडं मला दे," सासरे म्हणायचे.

"सगळंच घ्या, बाबा," ती म्हणायची.

पण बाबांचा आकडा उतरू लागला. त्या रविवारी तिचा चेहराच पडला. "मी बेकरी बंद ठेवते काही महिने. घरीच थांबते तुमच्याजवळ," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ते जाड जाकीट घालून आले. थंडी वाजते म्हणाले. ते उभे राहिले आणि आकडा चक्क वर गेला! तिने टाळ्या वाजवल्या. मी मात्र अवघडलो होतो. माझ्यावर जेवढा भार येतो, तेवढा मी सांगतो. त्यात माणूस किती आणि पितळ किती, हे मला सांगता येत नाही. बाबांच्या एका खिशात पितळी तोटी होती, दुसऱ्या खिशात तिची जोडीदार. पाय मात्र पहिल्यापेक्षा वाळले होते.

आठवडे गेले. तोट्या वाढल्या. एका रविवारी त्यांनी नळ आवळायचा जुना लोखंडी पानाही आतल्या खिशात घातला. खिशाची शिवण उसवली आणि पाना धाडकन माझ्या काचेवर आदळला. माझा कोपरा तडकला.

ती धावत आली. पाना पाहिला, फुगलेले खिसे पाहिले. आधी तिला हसू फुटलं. एकेक तोटी बाहेर निघत गेली, तसं तिचं हसू रडण्यात कधी बदललं ते तिलाही कळलं नाही.

"बाबा, हे काय हो?"

"तू बेकरी बंद करणार म्हणालीस. किती खस्ता खाऊन उभी केलीस ती! आणि मला पुन्हा त्या दवाखान्यात जायचं नाही गं."

"आणि तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

बाबांनी जाकीट काढलं, ते पुन्हा माझ्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "वाच आता."

तिने खरा आकडा मोठ्याने वाचला आणि त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. एका गोळीने त्यांची भूकच मारून टाकली होती. डॉक्टरांनी गोळी बदलली, आधी न सांगितल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं आणि घरी पाठवलं. बेकरी चालूच राहिली. थोड्याच दिवसांनी एका दुपारी बाबा तिथे जाऊन बसले आणि म्हणाले, "काही खायला आहे का गं?" त्या दिवशी तिने गिऱ्हाईक थांबवून त्यांना गरम पाव दिला, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं.

आता माझ्या कोपऱ्याला चिकटपट्टी आहे आणि मला दाराआडून काढून बैठकीत ठेवलंय. बाबांच्या गालांवर मांस धरलंय. ती अजूनही एक डोळा मिटते, पण आकडा काही का असेना, सासऱ्यांना सांगून टाकते.

हल्ली एकच अडचण आहे. काल बाबा वाकून म्हणाले, "आकडा पुसट दिसतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला वाटतं."

नाही हो बाबा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. माझे सेल संपत आलेत. कुणीतरी तेवढे बदला ना! येत्या रविवारी तुम्ही उभे राहाल, तेव्हा मला ठसठशीत बोलायचंय.