शिफारशीविना

कॉलेजच्या सल्लागारबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि गोड आवाजात सांगितलं, "हे बघ, जनावरांची डॉक्टर होणं हे सगळ्यांच्या नशिबात नसतं. तू दुसरं काहीतरी बघ. आपल्या कॉलेजची समिती तुझी शिफारस करणार नाही."

भिंगरी खुर्चीच्या टोकावर बसली होती. खरं नाव वेगळं, पण लहानपणापासून एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणायचे. कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं. पहिल्या वर्षापासून तिचं एकच ठरलेलं होतं: पदवी झाली की पशुवैद्यकीय महाविद्यालय. त्यासाठी ती दर शनिवार-रविवार जनावरांच्या दवाखान्यात राबायची. पिंजरे धुवायची, चावऱ्या कुत्र्यांची तोंडं धरायची, मांजरांना सलाईन लावताना पाय दाबून ठेवायची. हातावर ओरखड्यांची नक्षीच झाली होती.

"पण का, मॅडम?"

"दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्रात काय दिवे लावलेस, विसरलीस?"

विसरणार कशी! त्या वर्षी आई जिन्यावरून पडली होती आणि पाठीच्या ऑपरेशननंतर अंथरुणालाच खिळली होती. तिला कुशीवर वळवायचं, आंघोळ घालायची, स्वयंपाक करायचा आणि मग कॉलेज गाठायचं. भिंगरी रसायनशास्त्रात नापास झाली. पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा घेऊन ती वर्गात दुसरी आली.

"ते खरं गं," बाई म्हणाल्या, "पण डाग तो डागच. आणि समितीच्या शिफारशीशिवाय अर्ज केलास तर तो उघडूनसुद्धा बघत नाहीत. तुझ्या भल्यासाठीच सांगतेय."

घरी आल्यावर तिने दप्तर कोपऱ्यात आदळलं. वडील खिडकीपाशी भिंग डोळ्याला लावून एक घड्याळ उघडून बसले होते. त्यांचा धंदाच तो. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "मोठी माणसं आहेत ती. त्यांना जास्त कळत असेल."

आई भिंतीला धरून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "माझ्यापायी झालं सगळं," ती पुटपुटली.

तेव्हा मात्र भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नापास झाल्याचं दुःख तिने केव्हाच गिळलं होतं. पण एका बाईच्या दोन वाक्यांनी तिच्या आईला स्वतःच्या घरात अपराधी करून टाकावं? "तुझ्यापायी काही झालेलं नाही," ती ओरडलीच. "पुन्हा असं बोललीस तर बघ!"

शनिवारी दवाखान्यात तिचं तोंड पाहूनच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय गं, कुणाला चावायला निघालीस?" टेबलावरच्या बोकडाच्या खुराला पट्टी बांधता बांधता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातच थांबवला. "समितीची शिफारस? मला कुणी दिली होती? अगं, कुठे लिहिलंय असं? फोन लाव ना तिकडे!"

भिंगरीने पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन लावला. प्रवेश विभागातला माणूस जरा कंटाळलेलाच होता. "समितीचं पत्र असलं तर असू दे, नसलं तरी चालतं. दोन शिक्षक आणि एक डॉक्टर, एवढ्यांनी लिहून दिलं की झालं."

"नक्की?"

"ताई, रोज हेच सांगतोय मी. नक्की."

म्हणजे बाई तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलल्या होत्या. का? याचं उत्तर रसायनशास्त्राच्या सरांनी दिलं. ती त्यांच्याकडे पत्र मागायला गेली, तेव्हा ते प्रयोगशाळेत एकटेच काचसामान आवरत होते. आधी त्यांनी दार लोटून घेतलं.

"आमच्याकडून गेलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांना प्रवेश मिळतो, असं कॉलेज सगळीकडे मिरवतं ना? ते कसं जमतं सांगू? ज्याच्याबद्दल जराही शंका असेल, त्याला जाऊच द्यायचं नाही."

"तुम्हाला कसं माहीत, सर?"

सर परीक्षानळी पुसत राहिले. "मी समितीत आहे."

"म्हणजे माझं नाव निघालं तेव्हा तुम्ही तिथेच होतात? मी पुन्हा परीक्षा दिली, दुसरी आले, हे तुम्हाला माहीत होतं. आणि मूग गिळून बसलात?"

सरांनी परीक्षानळी खाली ठेवली. पत्र मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिलं. भिंगरीने ते घेतलं, पण आभार मानायला तिची जीभ वळली नाही.

अर्ज गेला, आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलाखतीत तिघांनी तिला त्या नापास विषयाबद्दल विचारलंच. तिने आडपडदा न ठेवता काय घडलं ते सांगितलं. मधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मान हलवली आणि विचारलं, "आता आई चालते का?"

"भिंतीला धरून चालते."

प्रवेश मिळाला. वडिलांनी भिंग काढून डोळे पुसले, आईचं शेजारपाजारी सांगून झालं. आणि त्याच आठवड्यात सल्लागारबाईंचा फोन! "अभिनंदन गं! आपल्या कॉलेजचं नाव काढलंस. नव्या मुलांची सभा आहे, चार शब्द बोलशील ना?"

आपल्या कॉलेजचं! भिंगरीला हसावं की फोन आपटावा कळेना. "येते," ती म्हणाली.

सभागृह भरलं होतं. बाईंनी 'आमची गुणी विद्यार्थिनी' म्हणून तिची ओळख करून दिली आणि दहातल्या नवांचा टेंभा मिरवून झाल्यावर माईक तिच्या हातात दिला.

"मी त्या नवांतली नाही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण तो भीतीने नव्हे. "या समितीने मला नाही म्हटलं होतं. शिफारशीशिवाय अर्ज उघडत नाहीत, असंही सांगितलं होतं. ते खोटं आहे. मी फोन करून विचारलं. तुम्हीही विचारा. तुम्हाला कुणी नाही म्हटलं, तर ते तुमची लायकी बघून म्हणताहेत की स्वतःचा आकडा सांभाळायला, हेसुद्धा विचारा."

"वेळ झाली," बाई घाईघाईने पुढे आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "ती जरा भावुक झालीय."

"भावुक नाही, मॅडम. मला राग आलाय." तिने माईक त्यांच्या हातात दिला आणि ती पायऱ्या उतरली.

बाहेर व्हरांड्यात मुलांनी तिला गराडा घातला. कुणाला कुठे फोन करायचा ते हवं होतं, कुणाला पत्र कोण देतं ते. गर्दी पांगल्यावर एक मुलगी पुढे आली. भिंगरीपेक्षा एका वर्षाने मोठी, आता कॉलेजच्याच ग्रंथालयात पुस्तकं लावायच्या कामावर होती. भिंगरी तिला चेहऱ्याने ओळखत होती.

"मला दातांची डॉक्टर व्हायचं होतं," ती म्हणाली. "मला पण हेच सांगितलं त्यांनी. मी अर्जच केला नाही गं."

अजून वेळ गेलेली नाही, असं म्हणणं सोपं होतं आणि कदाचित खरंही. पण गेलेलं वर्ष तिला कोण परत देणार होतं?

"चल," शेवटी तिने त्या मुलीचा हात धरला. "समितीत रसायनशास्त्राचे सर आहेत. आधी त्यांच्याकडे जाऊन तुला का अडवलं ते विचारू. आज दार लोटायचं नाही त्यांनी."