काजळगडचे पत्ते

मित्रांनो, मी पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. दुकानातला नव्हे, हाताने केलेला. माझ्यात बदाम नाहीत, इस्पिक नाही, आणि आता माझ्याशी खेळणारेही कुणी नाही.

अकोल्याला, जठारपेठेतल्या एका वकिलांच्या घरी मी जन्मलो. वकिलांची जुईली आणि तिची वर्गमैत्रीण प्रणाली यांनी मला घडवले. प्रणाली मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातली. शिकायला मावशीकडे राहायची. दोघींना ‘काजळगड’ या कादंबरीमालिकेचे भारी वेड. त्यातले ड्रॅगन, चेटकिणी, शापित राजे त्यांना घरच्या माणसांसारखे ठाऊक. बारावीची परीक्षा संपली तेव्हा त्यांनी ठरवले, की या बड्या मंडळींची जरा टर उडवायची.

जुईलीच्या ताईच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका त्यांनी कापल्या. कोऱ्या बाजूवर जुईलीने चित्रे काढली आणि प्रत्येक चित्राखाली प्रणालीने वऱ्हाडीत त्याचे बोलणे लिहिले. माझा काजळगडचा राजा म्हणतो, “सिंहासन देल्लं, कूलर नाही देल्ला. मी नाही करत राज्य.” माझी चेटकीण म्हणते, “शाप देतो, पण आंधी चहा मांडतो.” पत्ता मोठ्याने वाचायचा आणि जो हसेल त्याने आपला एक पत्ता गमवायचा, एवढाच खेळ.

प्रणालीला न्यायला तिचे बाबा, खुशालराव, आले तेव्हा तेही खेळायला बसले. बघता बघता सगळे पत्ते हरले. खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसत म्हणाले, “पोरी, हे तुले सुचते तरी कसं?” त्या दुपारी मला वाटले, आपल्यासारखे भाग्यवान आपणच.

पुढे जुईली अमरावतीच्या कॉलेजात गेली. प्रणालीनेच मला डब्यात घालून तिच्या हाती दिले. तिथल्या नव्या मैत्रिणीही हसतील, असे तिला वाटले. हसल्याही. वसतिगृहात माझे कौतुक होऊ लागले. पण माझ्यातले बोल कुणाचे, हे जुईली सांगेना. आधी विसरली असेल. मग विसरणे तिला सोयीचे झाले.

कॉलेजच्या महोत्सवात स्वतः तयार केलेल्या खेळांची स्पर्धा होती. प्रणालीच्या मोबाइलवर आलेल्या जाहिरातीत माझ्यापुढे एकट्या जुईलीचे नाव होते. प्रणालीला वाटले, जाहिरात करणाऱ्याची चूक असेल. मैत्रिणीला चकित करावे म्हणून ती न कळवता अमरावतीला आली आणि सभागृहात मागे बसली.

मी जुईलीच्या हातात होतो. परीक्षकांनी विचारले, की ही मजेदार भाषा कुणाची? तिच्या हाताला घाम सुटला. माझ्या कडा ओल्या झाल्या.

“गावाकडचे लोक असंच बोलतात,” ती म्हणाली. “मी फक्त टिपून घेतलं.”

टाळ्या पडल्या. मित्रांनो, मला तोंड नाही. माझ्या अंगावर लिहिलेले आहे तेवढेच मी बोलू शकतो.

बक्षीस घेऊन जुईली व्यासपीठावरून उतरली, तो समोर प्रणाली. जुईलीचा चेहरा उतरला. नंतर सांगणारच होते, खेळच तर आहे, एवढे मनाला काय लावून घेतेस, असे ती भरभर बोलत राहिली. प्रणालीने ते सगळे ऐकून घेतले.

“मी गावाकडचे लोक नाही, जुईली,” ती म्हणाली. “मी प्रणाली आहो. थ्या उन्हाळ्यात तुह्या बाजूले बसली होती.”

जुईलीने मला तिच्यापुढे धरले. मला वाटले, आता घरी जाऊ. पण प्रणालीने हात पुढे केला नाही. “राहू दे तुलेच. मले पुन्हा लिहिता येते,” म्हणाली आणि निघून गेली.

एकीने मला आपले म्हणून मिरवले, दुसरीने मला आपले म्हणून नेले नाही. कुणावर रुसावे, ते मला अजून कळलेले नाही.

तेव्हापासून मी टेबलाच्या खणात आहे. मध्ये एकदा जुईलीने मला बाहेर काढले. सवयीने तिने दोन डाव वाटले, एक स्वतःसमोर, एक पलीकडे. पलीकडचे पत्ते तसेच पालथे पडून राहिले. बराच वेळ त्यांच्याकडे पाहून तिने आम्हाला पुन्हा गोळा केले.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू पाण्यापासून जपा, वाळवीपासून जपा. पण त्याआधी, ज्याच्यासोबत आम्हाला घडवले त्याचे नाव चारचौघांत घ्या. आम्ही फाटलो तर आम्हाला चिकटवता येते.