प्लेटांवरचा मांडव

आमच्या शामले, माह्या पोराले, सात पोरींनी नाई म्हनलं. सात! त्यातल्या दोघींनी तं आमच्या घरचा चहासुदिक नाई पेला. बोंडअळीनं कापसाची आख्खी पऱ्हाटी खाल्ली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट सांगून राह्यली मी. पोरगा वावर करते म्हनलं का पोरीच्या बापाचं तोंड उतरे. नोकरीवाला पाह्यजे, मंग तो कुठं चपराशी असला तरी चालते. आमचा शाम एकोणतीस वर्षांचा, धडधाकट, बिडीलेही हात लावत नाई, पण पाहते कोण!

मंग फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरून संगीताचं स्थळ आलं. पोरगी बारावी शिकली, तोंडाची रोखठोक. तिनं आधीच निरोप धाडला का घर मोठं नसलं तरी चालन, सोनं नसलं तरी चालन, पण ज्या घरचा माणूस रात्री ओलिताले जाते त्या घरी मी येत नाई. तिच्या बापाले, खेमसिंगले, दोन सालाआधी रात्रीचं पाणी देता देता साप चावलता. जीव वाचला, पण पाय अजून ओढूनच चालते. मले तिच्या निरोपाचा राग नाई आला. वावरातली विजेची लाइन एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री असे, अन् रात्रीच्या आठवड्यात घरच्या बायांले कशी झोप लागते ते मलेच माहीत.

पण मी तं खुश झाली. काहून का दोनच महिन्यांआधी आमच्या विहिरीवर सोलरचा पंप बसलता, प्लेटांसकट. ऊन पडलं का पाणी सुरू, दिवस बुडाला का आराम. लाइनची वाट पाहाची गरज नाई. म्या उलटा निरोप धाडला, या म्हनलं, डोळ्यानं पाहा.

आता आमच्या बुढ्याचं सांगते. पूनमसिंग नाव त्याचं. या वयात नवऱ्याचं नाव घेतलं तं कोणी जीभ नाई कापत. लाइनच्या पंपावर त्याच्या चार मोटरी जळल्या. दरवेळेस घाटंजीले वाइंडिंगवाल्याकडे नेल्या, अन् दरवेळेस तो एकच सांगे, मोटर गरम झाली. हे बुढ्याच्या डोक्यात असं बसलं का काही सांगू नका. स्टार्टरच्या पेटीवर त्यानं छप्पर केलं, छपरावर ओलं पोतं टाकलं, अन् उन्हाळाभर त्या पोत्यावर पाणी शिंपडत राह्यला. लेकराची एवढी काळजी नाई केली त्यानं. सोलर आल्यावर तं त्याचा जीवच थाऱ्यावर नव्हता. भर दुपारी प्लेटांवर हात ठेवून पाहे, चटका बसला का चुकचुक करे. मी म्हने, अवो, त्या उन्हावरच चालते. तो म्हने, चालते म्हनून काय जाळून टाकाच्या?

पाव्हणे येनार त्या दिवशी शाम सकाळीच ऑटो घेऊन घाटंजीच्या एसटी स्टँडवर गेलता. मी चुलीपाशी होती. बुढा पहाटपासून वावरात. मले वाटलं, झाडझूड करून राह्यला असन. अकराले खेमसिंग अन् संगीता आले, पाणी पेले, अन् पोरगी म्हने का आधी वावर पाहू, जेवण मंग. मले ते आवडलं. पदर खोचला अन् मीही सोबत निंगाली.

वावराच्या धुऱ्यावर चढून म्या पाह्यलं. प्लेटा दिसेच ना! तिथं मांडव होता. चार बांबू, त्याच्यावर वाळल्या पऱ्हाट्या, त्याच्यावर निंबाचा हिरवागार पाला, अन् सगळ्यात वरतून ओले पोते. बाजूले बैलाची बंडी लावलेली, बंडीवर आमचा बुढा, हातात गडवा, पोत्यावर पाणी शिंपडून राह्यलेला. पाव्हण्याइले पाहून हासला अन् म्हने, या, या, प्लेटा एकदम थंडगार हायेत.

शामनं तरी बटन दाबलं. पेटीचा लाइट लागला नाई, मोटर हू का चू करेना. खाली उन्हाळी भुईमूग वाट पाहून राह्यलेला, अन् पाइप कोरडा. खेमसिंग लय सभ्य माणूस. हळूच म्हने, असू द्या, होते कधीकधी. आधीचे सातही लोक जाताना असंच हळू बोललते, त्याच्यानं मले पुढचं सारं समजलं.

मंग मी सुटली. बुढ्याले जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाई. मराठीत बोलून मन भरलं नाई म्हनून आमच्या बंजाऱ्याइच्या गोरबोलीत बोलली, अन् सोयरे आमच्याच समाजाचे, त्याईले तं शब्द अन् शब्द समजला. शाम लाल होऊन जमिनीकडे पाहे. बुढा बंडीवर तसाच उभा, गडव्यातलं पाणी त्याच्या धोतरावर सांडून राह्यलं, पण त्याले पत्ता नाई.

संगीता पुढं झाली. हासली नाई, बरं का. तिनं विचारलं, "काकाजी, हे कायले केलं?"

बुढ्यानं गडवा खाली ठेवला. मले वाटलं आता हा मोटरीचं पुराण सांगन. पण तो म्हने, "बाई, तीस वर्षं रात्रीच्या ओलिताले म्या गेलो. भेव वाटे, पण घरी कोणाले सांगतलं नाई. या प्लेटा जळल्या तं उद्यापासून माह्या शामले जा लागन. त्याले नाई जाऊ द्याचं मले."

खोटं कायले सांगू, माह्या डोळ्याले पाणी आलं. एवढ्या वर्षांचा संसार, पण या माणसाले अंधाराचं भेव वाटते हे मले त्या दिवशी समजलं. मी त्याले रात्रीचं बॅटरी घेऊन खुशाल धाडत होती, अन् वरतून लवकर ये म्हनून दटावत होती. मी आपली पदर तोंडाले लावून उभी राह्यली. खेमसिंगही दुसरीकडे पाहून राह्यलता.

संगीतानं ओढणी कमरेले बांधली अन् बंडीवर चढली. म्हने, काकाजी, या प्लेटांले उन्हाचं भेव नाई, ऊनच याइचं खाणं हाये. मोटर जळे ते लाइन कमी-जास्त होये म्हनून. चला, काढू. बुढ्यानं तिच्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे, अन् स्वतःच्या हातानं पहिलं पोतं ओढलं. मंग दोघं पाला, पऱ्हाट्या खाली फेकत गेले. दोन प्लेटा मोकळ्या झाल्या तं पेटीचा लाइट लागला. चार झाल्या तं मोटर गुणगुणाले लागली अन् पाइपातून करंगळीएवढी धार आली. शेवटची पऱ्हाटी खाली पडली तशी धार अशी भसकन आली का शामच्या पँटीवर चिखल उडाला.

खेमसिंग चप्पल काढून सरीत उतरला. दुखऱ्या पायावरून पाणी जाऊ देल्लं त्यानं, भर दुपारचं, उन्हात चमकणारं. बराच वेळ तिथंच उभा होता. मंग पोरीले म्हने का बाई, पाणी तं पाह्यलं, आता पोराशी दोन गोष्टी बोलून घे, मंग सांग तुझा इचार.

संगीता बंडीवरच बसलती, केसात निंबाचा पाला अडकलेला. तिनं शामकडे एकदा पाह्यलं अन् बापाले म्हने, "बा, पोराचं हळूहळू पाहू. सासरा पसंत हाये मले."