घोडा पुलापाशी अडतो

लोक डिस्कचे काय हाल करतात ते बघायचं असेल तर एक दिवस माझ्या काउंटरमागे येऊन बसा. चहाचा कप ठेवलेल्या डिस्क येतात, कपाचं गोल वळं तसंच्या तसं. एकीवर कुणाच्या तरी पोरीनं नेलपॉलिशनं फूल काढलं होतं. कव्हर एका गेमचं, आत डिस्क दुसऱ्याच गेमची, आणि वर तोंड करून म्हणणार, "मावशी, नवीकोरी आहे, दोनदाच लावलीय." दोनदा! अरे मेल्या, दोनदा लावलीस की दोनदा फरशीवरून घसरवलीस? मी तोंडावर बोलते. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचा दादा म्हणायचा. दुकान त्याचंच होतं, तेव्हा म्हणायचा हक्कही त्याचा. दादा गेला आणि दुकान माझ्या गळ्यात आलं. जुने व्हिडिओ गेम घ्यायचे, साफ करायचे, विकायचे.

दुकानात तीन खण आहेत. पहिल्यावर लिहिलंय 'चांगली', दुसऱ्यावर 'बरी' आणि तिसऱ्यावर दादानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, 'देव जाणे'. साधे ओरखडे पॉलिशच्या मशीनवर निघतात. पण खोल चर पडला असेल तर मशीन हात टेकतं. त्याला दादाची युक्ती होती, मेण. चरात मेण चोळायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, डिस्क आरशासारखी दिसते. दुकानात लावून दाखवली तर दहा मिनिटं झकास चालते. घरी गेल्यावर तापून तापून पंधरा-वीस दिवसांत मेण उतरतं आणि चर उघडा पडतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मग गिऱ्हाईक परत येतं. त्याच्यासाठीही दादानं एक वाक्य शिकवून ठेवलं होतं: "बोटं लागली असतील." बस, एवढंच. माणूस लगेच स्वतःच्या बोटांकडे बघतो, कारण बोटं कोणाची लागत नाहीत? खरं तर बोटांचा डाग ओल्या फडक्यानं जातो, त्यानं कुठलीही डिस्क मरत नाही. पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, आणि त्या मी बारा वर्षं मारल्या.

मास्तर पहिल्यांदा आले तेव्हा भर दुपार होती. दोन गल्ल्या सोडून त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, हे मला येता-जाता दिसायचं. गळ्यात टेप, बाहीला निळा दोरा चिकटलेला. खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. त्यावर एका गेमचं नाव होतं.

"आमच्या हिला हवाय," ते म्हणाले. "पाठीच्या दुखण्यानं दीड वर्ष अंथरुणावर आहे. भाचा नोकरीसाठी लांब गेला, जाताना त्याचं गेमचं मशीन मामीला देऊन गेला. त्यातला गेम हिनं लावून बघितला, म्हणाली, शी, मला नाही माणसं मारायची. मग शेजारच्या मुलीनं हा सांगितला. यात म्हणे नुसतं चालायचं असतं."

गेम मला ठाऊक होता. एका मुलीनं म्हाताऱ्या घोड्याला त्याच्या जन्माच्या कुरणापर्यंत न्यायचं. शत्रू नाही, बंदूक नाही. डोंगर, नदी, पूल, वाटेत पाऊस. माझ्याकडे एकच प्रत होती, तीही 'देव जाणे'मध्ये. डिस्कवर गोल फिरलेला चर होता. आडवा ओरखडा परवडला, पण गोल चर म्हणजे गेमचा एक अख्खा तुकडाच गेला समजा.

मी आत गेले, मेण लावलं, पुसलं, बाहेर आणून लावून दाखवली. घोडा चालला. मास्तर हरखून बघत राहिले. म्हणाले, "अहो, शेपटी पण हलवतोय!" मी पहिल्या खणातल्यासारखं नवं कव्हर घालून डिस्क दिली. हाव सुटली म्हणून नाही हो. सवयच तशी पडली होती. हात आपोआप मेणाकडे जायचा.

तीन आठवड्यांनी ते परत आले.

"ताई, घोडा पुलापाशी अडतो," ते म्हणाले. "पहिला पाय फळीवर ठेवतो आणि चित्र जिथल्या तिथे थांबतं. तीन दिवस झाले. त्याच्या आधी इतकी छान चालली होती! मी बाहेर शिवत असायचो आणि ही आतून ओरडून सांगायची, अहो, घोड्याला पाणी पाजलं. अहो, डोंगर उतरले. दीड वर्षात खिडकीपर्यंत गेली नाही हो ती, आणि रोज संध्याकाळी मला विचारायची, आज मी किती चालले सांगा."

दुकानात आणखी दोघं-तिघं उभे होते. त्यांच्यासमोर मला कमीपणा नको होता. मी मास्तरांचा हात धरला आणि काउंटरवर उलटा केला. बोटांच्या रेषांत शिलाई मशीनचं तेल काळं होऊन बसलं होतं. असं आयतं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नव्हतं.

"ही बोटं बघा मास्तर," मी म्हटलं. "ह्या बोटांनी डिस्क लावलीत, मग ती चालेल कशी?"

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. हात मागे घेऊन त्यांनी पँटला पुसला. "मीच लावून देतो तिला," ते हळूच म्हणाले. "तिला उठता येत नाही ना." मी पुन्हा मेण लावून दिलं आणि वर बजावलं, आता हात लावू नका. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांच्या हातात साटीनच्या अस्तराची एक छोटी पिशवी होती. दुहेरी शिलाई, तोंडाला बटण, आतून मऊ कापड. डिस्क त्यात अलगद सरकत होती. दुसऱ्या हातात पांढऱ्या सुती कापडाचे हातमोजे होते. तेही त्यांनीच शिवलेले, प्रत्येक बोटाचं वेगळं माप घेऊन.

"आता बोट लागतच नाही," त्यांनी मोजे घालून दाखवले. "पण ताई, घोडा तिथेच अडतो."

मी डिस्क पिशवीत परत सरकवली. ते बोलत राहिले.

"ही म्हणते, चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडाला कधी डाग लावला नाहीत, आणि माझी एक वस्तू तेवढी नासवलीत. आधी हसून म्हणायची. आता हसत नाही. परवापासून बोलतही नाही माझ्याशी. पाणी दिलं तर घेते, पण भिंतीकडे तोंड करते." त्यांनी मोजे काढून त्यांची नीट घडी घातली. "भांडायची आम्हाला सवयच नाही हो. काय बोलून समजूत काढायची तेही मला येत नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तीन शब्दांचं काम होतं, चूक तुमची नाही. एरवी कोणाच्याही तोंडावर फाडफाड बोलणारी मी, माझी दातखीळ बसली. मी म्हटलं, "दुसरी प्रत मागवते. थोडं थांबा." मला वाटलं, नवी डिस्क दिली की झालं. घोडा पूल ओलांडेल, ती हसेल, आणि कोणाला काही सांगायची वेळच येणार नाही.

मग मी जुन्या मालाच्या सगळ्या व्यापाऱ्यांना फोन लावले. प्रत तिघांकडे होती आणि तिघंही म्हणाले, कंडिशन एकदम चांगली. "खरं सांग, मेण किती आहे?" मी विचारलं. तिघंही हसले. एक तर म्हणाला, "मावशी, तुम्ही विचारताय?" शेवटी चौथ्यानं, ज्याच्याशी माझं कधी पटलं नाही, त्यानं त्याच्या मुलीची स्वतःची प्रत पाठवली. यायला अकरा दिवस लागले. मी ती उन्हात धरून फिरवून फिरवून बघितली. एक ओरखडा नव्हता. दुकानाच्या मशीनवर लावून मी स्वतः बसून खेळले, नदी, डोंगर, थेट पुलापर्यंत. घोडा खडखड करत फळ्यांवरून पलीकडे गेला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या, वेड्यासारख्या.

मास्तर मात्र फिरकले नव्हते. दुकान हाताखालच्या पोराच्या भरवशावर टाकलं आणि मीच त्यांच्याकडे गेले.

पुढे दुकान, मागे पडदा, पडद्यामागे राहायची खोली. मास्तर मशीनवर बसले होते. हातात ते पांढरे मोजे. मोजे घालून शिवत होते! समोरच्या शर्टाची कॉलर वाकडी शिवली गेली होती आणि ते ती उसवत होते.

"मास्तर, मिळाली," मी डिस्क वर धरली.

त्यांनी डिस्ककडे बघितलं, मग माझ्याकडे. "बसा ताई," ते म्हणाले. "ही गेली. आज नववा दिवस."

मी स्टुलावर बसले की पडले, मला सांगता येणार नाही.

"झोपेतच गेली. त्रास झाला नाही," मास्तर म्हणाले. "आदल्या संध्याकाळी बोलली माझ्याशी. इतक्या दिवसांनी बोलली म्हणून मी शिवण टाकून आत पळालो. म्हणाली, घोडा बिचारा पुलावर उभाच आहे. मी म्हटलं, ताई नवी मागवतायत. तर म्हणाली, नवी आली तरी काय, तुमची ती तेलकट बोटं आहेतच की." ते हसल्यासारखे झाले, पण ते हसू नव्हतं. "तेच शेवटचं. तिचं चुकलं नाही. बोटं आहेतच माझी तशी."

मी मोज्यांकडे बघत होते. त्यांच्या ते लक्षात आलं.

"हे काढवत नाहीत," ते म्हणाले. "गिऱ्हाइकं हसतात, शिलाईही वाकडी जाते. तिचे कपडे आवरायचे आहेत, ट्रंकेत ठेवायचे आहेत, पण हात लावायचा धीर होत नाही. वाटतं, त्यांनाही डाग पडेल."

आता गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. मास्तर मला चहा पाजून दारापर्यंत पोचवायला आले असते. ताई किती चांगल्या, स्वतः डिस्क घेऊन आल्या, असं चारचौघांत सांगितलंही असतं. तसं झालं असतं तर मी जिवंत असून मेले असते.

"मास्तर, बोटांचं काही नव्हतं," मी म्हटलं. "डिस्क आधीपासून खराब होती. चर होता तिच्यावर. मी मेण भरून विकली तुम्हाला. दोनदा भरलं. तेलानं डिस्क बिघडत नाही, पुसलं की जातं. मी खोटं बोलले. तुमची काही चूक नव्हती."

मला वाटलं, ओरडतील. कात्री फेकून मारली असती तरी मी हलले नसते. पण त्यांनी हातातला शर्ट मशीनवर ठेवला.

"म्हणजे मी बिघडवली नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नव्हती."

"माझ्या हातानं नाही?"

"नाही हो मास्तर. तुम्ही काहीच केलं नाहीत."

त्यांनी एक मोजा ओढून काढला, मग दुसरा. स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरून उलटसुलट बघितली. आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. मी खोटं नाही सांगत, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा उजळला. खुर्ची मागे सारून ते ताडकन उठले.

"अगं ऐकलंस का!" पडद्याकडे जाता जाता ते मोठ्यानं म्हणाले. "मी नव्हे गं! ह्या ताई आल्यात बघ, काय सांगतायत ते ऐक—"

त्यांनी पडदा बाजूला केला. आतली खाट मला दिसली. गादी गुंडाळून भिंतीला लावलेली होती. टीव्हीसमोर ते गेमचं मशीन होतं आणि त्याच्यावर साटीनची पिशवी.

मास्तर तिथेच उभे राहिले. पडदा त्यांच्या उघड्या बोटांत होता. मी उठून दोन पावलं पुढे गेले, पण त्यांच्या खांद्याला हात लावायचं मला धाडस झालं नाही.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, दहा दिवस आधी यायला हवं होतंत. तिला सांगायचं होतं."