आजीला कुठं पाठवायचं

ठकूबाईच्या अंगावरून वारं गेलं ते भाताची मळणी उरकली त्या दिवशी. खळ्यातलं सूप उचलायला वाकली आणि तशीच कलंडली. महाडच्या इस्पितळातून घरी आणली तेव्हा उजवं अंग लाकूड झालेलं आणि जीभ जड. जिची हाक खालच्या वाडीपर्यंत जायची, तिच्या तोंडून आता नुसता हुंकार निघे.

तिला पडवीत खाटेवर निजवली आणि तिचा नवरा चांगू तसाच वाडीत घरोघर फिरला. "भरतच्या कानावर यातलं काय जाऊ देऊ नका," एवढंच सांगत.

भरत त्यांचा एकुलता एक लेक. मुंबईत गावकीच्या खोलीत वाडीतल्या पोरांबरोबर राहून गोदामात कामाला होता. शिमग्यापर्यंत नीट काम केलंस तर कायम करतो, असा शब्द मालकानं दिलेला. मागे चांगूचा पाय मोडला तेव्हा भरत हातातलं काम टाकून धावत आला होता. पाय जुळला, पण काम गेलं ते गेलंच. त्यानंतर वर्षभर तो घरात होता, म्हणजे नुसता होता. ताटावर बसायचा, भिंतीकडे बघत राहायचा, पोटची पोर जवळ आली तरी खेकसायचा. ते वर्ष चांगूला पुन्हा बघायचं नव्हतं.

वाडीलाही यात वावगं वाटलं नाही. मुंबईला असलेल्या माणसाला इकडची वाईट खबर धाडायची नाही, ही रीत चांगूच्या बापाच्या वेळेपासूनची. तो एकटा जीव तिकडे काय करणार? वाडीनं तोंड शिवलं. खोलीतल्या पोरांनाही तसंच बजावलं गेलं.

राहता राहिला रविवार. वाडीत फोनला रेंज नाही, खिंडीतल्या कातळावर चढलं की मिळते. दर रविवारी सकाळी घरातली सगळी तिथे जाऊन भरतशी बोलायची. आता सून वैशाली सासूचं नाव निघालं की रडायची. चांगूचा आवाज हलला की भरत ओळखायचा. म्हणून त्यांनी भरतच्या लेकीला, सेजलला पुढे केली. तिसरीतली पोर, बोलायला लागली की थांबायची नाही.

"सेजू, आजी कुठं हाय?" पहिल्याच रविवारी भरतनं विचारलं.

"आजी वरंधला गेलीय पप्पा, माहेरी. बारसं हाय तिकडं. लुगडं पण नवीन नेसली."

चांगूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाणी माझी बाय ती."

पुढच्या खेपेला आजी पाचाडला बहिणीकडे गेली. मग नदीवर धुणं धुवायला, मग रानात लाकडांना. एकदा ती घरी होती, पण घसा बसला होता. पोर इतक्या सफाईनं सांगायची की चांगूला ऐकता ऐकता वाटे, ठकू खरंच डोक्यावर भारा घेऊन पायवाटेनं येत असेल.

थंडी पडली, वालाला फुलं आली, आणि सेजलचं पोट दुखायला लागलं. आधी थोडं, मग कळ उठली की ती उंबऱ्यावर मुटकुळं करून बसे. ओवा देऊन झाला, हिंगाचा लेप झाला, मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. काही उतार पडेना. शेवटी वैशाली आणि चांगू तिला एसटीनं महाडला घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या. "पोटात काही दोष दिसत नाही. दुखतं कधी?"

"शनिवारपासून चालू होतं," वैशाली म्हणाली. "रविवारी दुपारनंतर आपोआप थांबतं."

"रविवारी काय असतं घरी?"

वैशालीनं सासऱ्याकडे पाहिलं. चांगू खिडकीबाहेर बघू लागला. "काय नाय," तो म्हणाला. "फोन असतो तिच्या बापाचा. पोर खूश असते."

परतीच्या एसटीत सेजल आईच्या मांडीवर झोपली. पोलादपूर आलं तशी वैशाली हळू म्हणाली, "मामंजी, आपण पोरीला खोटं शिकवतोय."

"बापाच्या भल्यासाठी हाय ते. खोटं कसलं त्यात?"

"मग तुम्हीच का नाय बोलत?"

चांगूनं पटका सारखा केला. सून आजवर त्याला उलटून बोलली नव्हती, आणि आत्ताही ती उलटून बोलली असं म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी तो अंगणात कोयती परजत बसला होता. पडवीत सेजल आजीचे केस विंचरत होती. पोरीचं बोलणं ऐकू येत होतं, नेहमीचं भरभर नाही, दबक्या आवाजातलं.

"आजी, रागावू नको हां. मागच्या वेळी मी तुला रानात पाठवली. त्याच्या आधी नदीवर. तू दमलीस का गो?" ठकूबाई हुंकारली. "आता कुठं पाठवू? सगळ्या जागा संपल्या. लांब पाठवली आणि तू परत नाय आलीस तर?"

चांगूचा हात कोयतीवर थांबला. त्यानं मान वळवून पाहिलं. ठकूबाईनं डावा हात कसाबसा उचलला होता आणि नातीच्या पोटावर ठेवला होता. मग तिनं चांगूकडे पाहिलं. चाळीस पावसाळे एका चुलीचं खाल्लेल्या बायकोच्या त्या नजरेला जिभेची गरज नव्हती. चांगूनं डोळे खाली घातले आणि पुन्हा कोयती परजू लागला, पण धार कुठे लागतेय याकडे त्याचं ध्यान नव्हतं.

रविवार आला. कातळ दवानं ओला होता. फोन वाजला तसा सेजलनं हात पुढे केला. चांगूनं फोन स्वतःकडेच ठेवला.

"बा? तुम्ही कसे आज? सेजू कुठं हाय?"

"हाय, बाजूलाच हाय."

"आय कुठं हाय?"

खरं सांगायचं असं ठरवूनच चांगू घरून निघाला होता. पण वाईट खबर न सांगायची एवढ्या वर्षांची सवय. 'वालाच्या शेंगा तोडायला गेलीय' हे वाक्य जिभेच्या टोकावर तयार होऊन बसलं. तेवढ्यात त्याच्या बंडीला हिसका बसला. एक हात पोटावर दाबून सेजल कुजबुजत होती, "आबा, भातगिरणीवर सांगा. तिकडं अजून नाय पाठवली."

चांगूनं तिच्याकडे पाहिलं. आपल्या डोक्यावरचं ओझं आपण कोणाच्या डोक्यावर दिलं ते त्याला आत्ता दिसलं. पोर ते खाली ठेवायचं सोडून आजोबालाही हात देत होती.

"भरत, तुझी आय घरात हाय," तो म्हणाला. "खाटेवर. मळणी झाली तेव्हा अंगावरून वारं गेलं तिच्या. उजवा हातपाय चालत नाय, बोलता येत नाय. मी सगळ्यांना गप्प केलं. पोरीला पण."

रेंज गेली असं वाटून चांगूनं फोन कानावेगळा करून पाहिला.

"जिती हाय ना?" भरतचा आवाज आला.

"हाय रे. पेज पिते, भात खाते. मला डोळ्यांनी शिव्या घालते."

भरत रडत होता. वैशालीनं पदर तोंडाला लावला.

"मी समजलो होतो, आय गेली," भरत म्हणाला. "खोलीतली सगळी माझ्याशी गोड बोलायला लागली, बा. मंगेशनं जन्मात स्वतःचं ताट उचललं नाय, तो माझं ताट धुवायला लागला. आत आलो की सगळ्यांचं बोलणं बंद. म्हटलं, आयचं काय तरी झालंय."

"मग इचारलं का नायस?"

"तुम्ही खरं सांगितलं असतं तर?" भरतनं नाक ओढलं. "सेजू सांगायची आय पाचाडला गेलीय, नदीवर गेलीय. तेवढ्यावर हप्ता काढायचो. परत रविवारची भीती."

चांगू कातळावर खाली बसला. पोर इकडे आजीला लांबलांब पाठवत होती, आणि बाप तिकडे रोज मनातल्या मनात आईला जाळत होता. मध्ये तो, घर सांभाळतोय अशा समजुतीत.

"मी येतो," भरत म्हणाला.

'काम सोडू नको' हे शब्द चांगूनं गिळले. "ये. मालकाला सरळ सांगून ये. ठेवलं तर ठेवलं."

"आणि नाय ठेवलं तर?"

"तर दोघं मिळून भिंतीकडं बघू."

पलीकडे भरत हसला की हुंदका दिला ते कळलं नाही. मग त्यानं सेजलला मागितलं. तिनं फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. "पप्पा, मी खोटं बोलले," एवढं म्हणाली आणि मग ऐकतच राहिली. बाप काय सांगत होता कोण जाणे. ती नुसती मान हलवत होती, जणू त्याला ते दिसत होतं.

खिंड उतरताना चांगूनं तिचं बोट धरलं. "दुखतंय अजून?"

"थोडं."

"थांबेल हळूहळू."

घर दिसलं तशी ती बोट सोडून पुढे पळाली. चांगू आणि वैशाली अंगणात पोचली तेव्हा पोर खाटेला टेकून, आजीच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होती, "आजी, आज तुला कुठंच पाठवली नाय. तू घरातच होतीस. आणि पप्पा वीर स्टेशनला उतरणारेत, आपण न्यायला जायचं. म्हणजे मी आणि आबा. तू थांब इथं."

ठकूबाईनं डोळे मिटले. डावा हात चाचपडत नातीची वेणी शोधू लागला.